रस्त्यातून गेलेली रेघ

शाळेतल्या मतदानाच्या रांगेत माझ्यापुढे म्हातारे ओडेल आणि त्यांच्या समोरच्या घरातली व्हर्ना उभी होती. व्हर्ना यंदा आमदारकीला उभी होती.

“पोरी, या नमुना मतपत्रिकेवर तुझं नावच नाही!”

“काका, नव्या नकाशात मतदारसंघाची रेघ आपल्या रस्त्यातून गेलीय. तुम्ही पलीकडे गेलात.”

“आणि मी तुझ्यासाठी दारोदार फिरलो ते?”

“कुठल्या बाजूला फिरलात?”

“माझ्याच.”

“अरे देवा!”

“माझ्या बाजूला कोण उभंय?”

“एकच जण. बिनविरोध येणार.”

“मग पुढच्या खेपेला मी उभा राहतो. फिरशील माझ्यासाठी?”

“फिरेन की. पण काका, वय काय तुमचं?”

“एक्याऐंशी. नकाशा दहा वर्षं बदलत नाही म्हणतात. तुला मत द्यायला मला तेवढं थांबता यायचं नाही.”