शंभरपैकी शंभर

कामगाराची बायको ऑपरेशन थिएटरबाहेर जीव मुठीत धरून बसली होती. शेजारच्या बाकावर कारखान्याचे साहेब आणि कामगारांसाठी सुरक्षेचा ऑनलाइन कोर्स बनवणाऱ्या मॅडम कुजबुजत होते.

“तुमच्या कोर्समध्ये याला शंभरपैकी शंभर आहेत, मॅडम. मग चालू मशीनमध्ये हात घातलाच कसा?”

“‘मशीन अडकलं तर आधी बंद करीन,’ हे उत्तरही बरोबर दिलंय त्याने.”

“मग?”

“साहेब, घाईघाईत माझ्याकडून सगळी बरोबर उत्तरं तिसऱ्या नंबरच्या पर्यायालाच टाकली गेली.”

“हे कुणाला कळलंय?”

“छे! कुणालाच नाही.”

थिएटरच्या दारावरची नजर न काढता कामगाराची बायको म्हणाली, “आख्ख्या कारखान्याला माहितीय. आमचे हे जेवत होते. मीच मोबाइलवर तिसरं, तिसरं, तिसरं दाबत गेले.”