भेगेच्या टोकाशी

(नेदरलँडच्या उत्तरेकडचं एक खेडं. स्वयंपाकघर, दुपारची कॉफी.)

वुब्बो : बिस्किट एकच मिळेल. मंत्री होतीस तेव्हाही एकच मिळायचं.

फ्राउके : डबा लावून टाका, बाबा. मी खायला आले नाहीये.

वुब्बो : मग कशाला आलीस? सकाळी मीठ कंपनीच्या मोठ्या खुर्चीत, दुपारी बापाच्या स्वयंपाकघरात.

फ्राउके : पहिल्याच दिवशी आले, हे तरी बघा. खिडकीतला फलक वाचला. 'फ्राउके, लाज वाटू दे.' अक्षर छान आहे.

वुब्बो : शेजारच्या खेस्केचं. गाव समितीचा ठराव आहे तो. अध्यक्ष म्हणून पहिला हात मी वर केला.

फ्राउके : ते विचारायलाच नको. हात वर करायला मी तुमच्याकडूनच शिकले.

वुब्बो : आणि टोपी फिरवायला? पाच वर्षं हेगला मंत्री होतीस. याच टेबलाशी बसून म्हणालीस, जमीन खचतेय, गावाखालचं मीठ उपसणं थांबवते. सगळ्या गावानं ऐकलं होतं.

फ्राउके : पाच वर्षं पत्रं लिहिली. कंपनीनं प्रत्येकाला फार नम्र उत्तर दिलं. मंत्र्याला पंप बंद करता येत नाही, बाबा. आता मला येतो.

वुब्बो : करशील?

फ्राउके : करणार. गावाखालचे दोन्ही. भागधारक बोंबलतील, बोंबलू देत.

वुब्बो : बोलाचीच कढी, बोलाचाच भात. ऊठ. भिंतीपाशी ये.

फ्राउके : अगंबाई. भेग छतापर्यंत गेली?

वुब्बो : खालच्या तारखा कुणाच्या हातच्या?

फ्राउके : माझ्या. पंधराची असल्यापासून. घरी आले की भेगेच्या टोकाशी तारीख घालायची.

वुब्बो : मंत्री झालीस आणि थांबलीस. खात्याला चालत नाही म्हणालीस. मला फार लागलं होतं ते. घे पेन्सिल. आजची तारीख घाल. खाली नाव, हुद्दा, आणि 'मीठ उपशामुळे'.

फ्राउके : सकाळी कंपनीचा वकील पहिलं काय बोलला, ठाऊक आहे? कुणाच्या घरी काही लिहून देऊ नका, एक सही म्हणजे कबुली. तडे गेलेली एक्केचाळीस घरं आहेत.

वुब्बो : म्हणून तर सांगतोय. माझ्या एकट्याची भिंत असती तर गिलावा करून मोकळा झालो असतो.

फ्राउके : उद्या मला काढून टाकतील.

वुब्बो : टाकू देत. वरची खोली आहे. तिथंही भिंत चिरलीय, पण तू काही परकी नाहीस.

फ्राउके : फलक उतरवाल?

वुब्बो : दोन्ही पंप बंद झाले की. आधी नाही.

फ्राउके : मीही हेच म्हणाले असते. ही पेन्सिल ठेवून द्या.

वुब्बो : वाटलंच होतं मला.

फ्राउके : पेन्सिल पुसता येते, बाबा. पेन द्या.