पुलाचा पुरावा

दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या मास्तरांच्या कानावर शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं पडत होतं.

“बायकांवर लेख लिहिणारा गट तू चालवतेस, आणि इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातून माझ्यावरचाच लेख उडाला?”

“आई, पूल तुम्ही बांधलात याला छापील पुरावा हवा.”

“पेपरात फोटो आला होता की!”

“त्याखाली अभियंता म्हणून बाबांचं नाव आहे.”

“अगं, ते माझा डबा द्यायला आले होते!”

“पुलावरच्या लेखातही तेच आहेत.”

“कुणा शहाण्यानं लिहिला तो?”

“आमच्याच गटानं. पुरावा पक्का होता ना!”

“आणि मी?”

“आहात ना. ‘डबा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी.’”

“डबा त्यांनी आणला होता!”

“त्यालाही पुरावा लागेल, आई.”

आत डॉक्टरांनी कुठला दात दुखतो विचारलं, तेव्हा मास्तरांना पुराव्याशिवाय छातीठोकपणे सांगवेना.