ब्रेक बसायचेत अजून

…आणि वर मलाच म्हणतो, "बसतील हो हळूहळू!" अरे, बसतील म्हणजे? ब्रेक आहेत की पाहुणे? थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल ह्याचं डोकं फिरलंय. फिरलंयच!

तुम्हाला सांगतो, निवृत्त झालो आणि कॅम्पर व्हॅन घेतली. जुनी. आत पलंग, शेगडी, इवलंसं बेसिन, सगळं आहे. ब्रेकसुद्धा… आहेत म्हणायचे. दाबला की गाडी आधी विचार करते. थांबू? नको थांबू? तेवढ्यात चौक मागे गेलेला असतो! तीस वर्षं बायकोला सांगत आलो, तुला समुद्र दाखवीन, आणि पहिल्याच दिवशी, घराजवळच्या उतारावर, गाडी थेट शेजाऱ्यांच्या फाटकात! बायको शांतपणे उतरली, सीटखाली गेलेली चप्पल शोधली आणि म्हणाली, "माझ्या बाजूला ब्रेक नाही, तरी पाय दुखेपर्यंत मीच दाबत होते. ब्रेक नीट झाल्याशिवाय मी ह्यात बसणार नाही." संपलं! आता समुद्र काय मी एकट्याने बघायचा?

त्यात आमचा मेहुणा. "भावजी, जुने ड्रम ब्रेक काढा, पुढे डिस्क ब्रेक टाका!" कोण सांगतंय? जो स्वतःच्या सायकलचा ब्रेक बुटाने लावतो! पण ऐकलं. गॅरेजमध्ये गेलो. तिथला मेकॅनिक कायम कुठल्यातरी गाडीखाली. माझं सगळं बोलणं त्याच्या तळपायांशी! तळपाय म्हणाले, "चार दिवसांत देतो." तीन आठवडे लागले. गाडी मिळाली, ब्रेक दाबला, तर पुन्हा आपली तीच सुस्ती! म्हटलं, हे काय? तळपाय जराही हलले नाहीत. "नवीन पॅड आहेत साहेब, डिस्कवर घासून घासून बसावे लागतात. शे-दोनशे किलोमीटर चालवा. बसतील हो हळूहळू!"

आणि इथे मी गाढवपणा केला. बायकोला खरं सांगितलं! म्हटलं, ब्रेक बसायचेत अजून. "मग बसू देत की. ते बसले की मी बसते."

झालं! रोज सकाळी मी एकटा. चालव, दाब, चालव, दाब… मागे कपाटातली ताटं प्रत्येक ब्रेकला धाडकन पुढे येतायत, मागचे हॉर्न बडवतायत, एक बस ड्रायव्हर तर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "काका, जायचंय की थांबायचंय, एक काय ते ठरवा!" मी काय ठरवणार, कपाळ? पॅड ठरवणार! बसतील हो हळूहळू!

बाराव्या दिवशी परत येतोय, तर जळका वास, चाकातून धूर, आणि बरोबर आमच्या दारात गाडी ठप्प! पुढे नाही, मागे नाही. मेकॅनिकला फोन केला. "चाक हलत नाही? अहो, मग बसले की!" आणि हसतोय! ब्रेकला दाब देणारा जुना मास्टर सिलिंडर म्हणे नव्या ब्रेकची पकड सोडतच नाही. नवा मागवावा लागेल. "येईल हो हळूहळू!"

एवढ्यात बायको बाहेर आली. दोन्ही हातांनी गाडी ढकलून बघितली. हलेना. खांदा लावला. हलेना. तिचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! घरातून उशी आणली, गाडीच्या खिडकीचा पडदा सारला, आणि बसली. आज आठवा दिवस!

काल तो मेकॅनिक सिलिंडर घेऊन आला. पहिल्यांदा चेहऱ्यासकट! बायकोने खिडकीतूनच विचारलं, "हा बदलला की गाडी हलेल?"

"म्हणजे काय वहिनी, पळेल!"

"मग राहू दे. आत्ता कुठे नीट बसलेत. हात लावायचा नाही."

आणि तो गेला हो! मी आपला दारात, हातात तिच्या चहाचा कप. म्हटलं, अगं, पण समुद्र? तर कप घेत म्हणते, "जाऊ हो… हळूहळू! बसा आता."

बसलो!