पाय दाखवा, काकू

आपल्या सोसायटीचे अध्यक्ष माननीय कृष्णकांतराव, व्यासपीठावर हारांची वाट बघत बसलेले पाहुणे, आज जिला निरोप द्यायचा ती सुरैय्या, तिचे यजमान नियाजभाई, आणि खुर्ची मिळालेल्या व न मिळालेल्या समस्त रहिवासी मंडळींनो, सर्वांना माझा नमस्कार.

माझी शाळा तिसरीपर्यंत, तेव्हा अलंकारिक बोलणार नाही. ते अध्यक्षांनी उरकलंच आहे. ते म्हणाले, आदर मनात असावा लागतो. असेल. मनातलं मला दिसत नाही, म्हणून जे दिसलं तेवढंच सांगते.

गेल्या वर्षी याच हॉलमध्ये माझी पंचाहत्तरी झाली. माझ्या मुलाने, कुमारने, पाद्यपूजन ठेवलं होतं. सूनबाई शशिकलाने पळीने पाणी घातलं, कुंकू लावलं, झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या. मग तुम्ही सगळे रांगेने पाया पडलात. कुमारने माझ्या पायांचा फोटो काढला, 'आईच्या चरणी स्वर्ग' असं लिहून ग्रुपवर टाकला. त्या फोटोत उजवा अंगठा काळा दिसतो. खाली तुम्ही सगळ्यांनी हात जोडलेत.

मला शुगर आहे. पायाला काही कळत नाही. नवी चप्पल चावली होती, तेही कळलं नव्हतं.

सुरैय्या समोरच्या फ्लॅटमधली. ती रांगेत नव्हती. "काकू, आमच्यात झुकतात ते फक्त अल्लापुढे, राग मानू नका," असं आधीच सांगून बसली होती. ती आपलं ताट घेऊन माझ्या शेजारी आली, पाकळ्या बाजूला सारल्या आणि म्हणाली, "हा अंगठा काळा कशानं?"

शशिकला म्हणाली, "अहो, ते कुंकू आहे."

"कुंकू लाल असतं ना?"

मंडळी, हे आपल्याला तिने सांगावं?

डॉक्टर म्हणाले, अजून थांबला असतात तर अंगठा गेला असता. तेव्हापासून रोज संध्याकाळी ही दारात उभी. "पाय दाखवा, काकू." मला लाज वाटायची. कुणाच्या तोंडासमोर पाय करू नयेत, असं आम्हाला शिकवलेलं. ती म्हणायची, "लाज नंतर. आधी टाच वळवा." बोटांच्या बेचक्या बघायची, पुसायची, निघून जायची.

आता ती मुलाकडे खारघरला चालली. माझे गुडघे वळत नाहीत, माझा तळवा मला दिसत नाही. मग बघणार कोण? कुमारला विचारलं, तर म्हणतो, "आई, मी रोज तुझ्या पाया पडतोच की."

"पडतोस. डोळे मिटून."

काल सुरैय्याने त्याला खाली बसवलं, हातात टॉर्च दिला. थोडं बघितलं आणि घाबरून म्हणाला, "हे काळं काय आहे?"

सुरैय्या म्हणाली, "तीळ आहे. जन्मापासूनचा."

पन्नाशीच्या मुलाला आईच्या तळव्यावरचा तीळ काल कळला.  मग त्याने दुसरा पाय मागितला.

सुरैय्या, तुझे आभार मानले तर तू चिडशील, म्हणून नियाजभाईंचे मानते. त्यांचा संध्याकाळचा चहा वर्षभर माझ्यामुळे उशिरा झाला. तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, तुमचेही आभार. कुणाला टोचलं असेल तर वयाकडे बघून पोटात घाला. कुमार, उतरायला हात दे. आज पाय तू बघायचेस. सुरैय्या शेजारी बसून चुका काढेल.