कोनाड्यातली जोडी

(मार्च १९६३. पांढरकवड्याच्या बाहेर, हैदराबाद रस्त्यावरचं कुष्ठरोग्यांचं सेवा केंद्र. त्यातली चपला बनवायची खोली. दोन वर्षांसाठी डेन्मार्कहून स्वखुशीनं आलेला कारागीर योहान, आणि जवळच्या खेड्यातून उपचाराला येणारा डोमाजी. नंतर त्याची बायको रुखमाबाई. दुपार.)

योहान : आता उलटी करून पाहा, डोमाजीबाबा. तळाला काय दिसते?

डोमाजी : तळच दिसते जी. दुसरं काय दिसन?

योहान : निळ्या शाईचा आकडा दिसतो. सतरा. प्रत्येक जोडीला मी आकडा घालतो. महिनाभर रोज चालले की तो पुसला जातो. तुम्हाला ही जोडी देऊन आठ महिने झाले.

डोमाजी : तुमच्या देशाची शाई पक्की असन.

योहान : शाई यवतमाळच्या दुकानातली आहे.

डोमाजी : मंग काय सांगू आता.

योहान : खरे सांगा. सकाळी नागपूरचे डॉक्टर काय म्हणाले ते आपण दोघांनीही ऐकले. हाड सडले आहे, उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, उद्या जीपमधून चला. जखम झाल्यापासून मी विचार करीत होतो की माझे कुठे चुकते. तुमच्या जखमेवर भार पडू नये म्हणून वरचे रबर दोनदा कोरून खोल केले. माझ्या वडिलांना पत्र लिहिले, तेही बूट शिवतात. त्यांनी चित्र काढून पाठविले, मी त्याप्रमाणे केले. तरी जखम वाढतच गेली. वरून पाहत राहिलो मी. उलटी करून आज पहिल्यांदा पाहिली.

डोमाजी : घालत नोतो, भाऊ.

योहान : कधीच नाही?

डोमाजी : असं कसं कधीच नाई. इथं येतानी घालत होतो ना. या फाटकाजवळच्या नाल्यापावतर धुडक्यात बांधून आनाचो, नाल्यात पाय धुवाचो अन् मंग घालाचो. वापस जातानी नाल्यावर काढाचो. अन् एक डाव गावात घातली, पयल्या दिवशी. मधल्या गल्लीतून गेलतो, पाटलाच्या दारासमोरून, चांगला आवाज करत. माह्या बापाले त्या गल्लीतून चपला हातात घेऊन जा लागे. दीक्षा घेतली तईपासून ते आमी सोडलं, पन मिरवाले पायात काही पाह्यजे ना? तुमची जोडी घालून गेलो, घरी आलो, धोतरानं पुसली अन् कोनाड्यात ठेवली. बुद्धाची तसबीर हाय त्या भिंतीत नाई हं. समोरच्या. तेवढी अक्कल हाय मले.

योहान : आणि शेतात?

डोमाजी : वावरात कोन नेते असी चप्पल? कापूस वेचतानी पऱ्हाटीचा खुंट घुसला. मले मालूमच नाई. घरी आलो तं आंगनात रगताचे पावलं दिसले. मी बायकोले इचारलं का हे कोनाचे पावलं.

योहान : पण मी तुम्हाला सांगितले होते. पायाला काही कळत नाही, म्हणून रोज डोळ्यांनी पाहायचे, आणि चपलेवाचून एक पाऊलही टाकायचे नाही. तुम्ही ‘हो जी’ म्हणालात.

डोमाजी : तुमी पाहुणे मानूस, सात समुद्राच्या पल्याडून आले. तुमाले ‘नाई’ कसं म्हनू? अन् समजलं होतं मले सारं. तुमीच सांगतलं होतं का हे मऊ रबर तुमच्या देशातून जहाजानं येते, अन् तुमी दोनच वर्सं हाय. मी इचार केला का भाऊ जाईन, रबर येनं बंद होईन. आता पाय चांगला हाय, दुखत नाई, तं आताच कायले झिजवा? म्हातारपनी कामी पडन. चांगली वस्तू आमी असीच ठेवतो जी. नवं लुगडं असो का नवा कंदील असो.

योहान : दुखत नव्हता, कारण त्याला कळतच नव्हते.

डोमाजी : तेबी सांगतलं होतं तुमी. पन भाऊ, जो पाय दुखतच नाई त्याची काळजी कराले लय मोठं डोकं लागते.

योहान : मी बशीरला हे काम शिकविले होते. माझ्यानंतर तो करणार होता.

डोमाजी : बशीरचा हात भल्ला चांगला. टायरचं पंचर काढनारा पोरगा, पन तुमच्यासारखं कापे. आता रगतपितीवाल्यायच्या चपला शिवते म्हनून त्याच्या बहिनीची सोयरीक मोडली, तं काय करन तो? त्याची माय जैबुनबी इथंच बसून रडली. तुमीच तं म्हटलं का जा बाप्पा तू. आता टरकवर हाय, हैदराबादले जाते-येते. त्याले दोष देऊन काय फायदा.

योहान : दोष मी त्याला देत नाही. मला दुसरीच गोष्ट आठवते आहे. दिवाळीच्या आधी इथे सभा झाली. मी तुम्हाला सर्वांसमोर उभे केले. ही जोडी हातात उंच धरली आणि म्हणालो, पाहा, डोमाजीबाबा चपला कशा जपतात, सर्वांनी असेच करा.

डोमाजी : हो जी. टाळ्या वाजोल्या लोकायनं.

योहान : तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत.

डोमाजी : तोंडावर आलतं. पन रगतपिती झाल्यापासून चार लोकात कोनी माह्यं नाव चांगल्यासाठी घेतलं नोतं. लाजबी वाटली अन् बरंबी वाटलं. बरं वाटलं ते जास्त होतं, म्हनून गप राह्यलो.

योहान : ते इतरांनीही ऐकले. डोमाजीबाबा, इतरांच्या चपला कुठे आहेत?

डोमाजी : त्यायचं मले काय मालूम.

रुखमाबाई : मालूम हाय यायले. सांगत नाईत.

योहान : या, रुखमाबाई, आत या. डोमाजीबाबांचे सामान आणले का?

रुखमाबाई : आनलं. दोन धोतरं अन् चादर. माह्या नवऱ्याले काय इचारता भाऊ, मले इचारा. सुखीबाईची जोडी पेटीत हाय, लग्नाच्या लुगड्यात गुंडाळून. उकंडानं आड्याले टांगली, उंदरं कुरतडतीन म्हनून. हिरासिंग म्हनते, पोराच्या लग्नात घालीन. त्या सभेपासून सारेच ठेवाले लागले. इथं येन्याच्या दिवशी सकाळी नाल्यावर येऊन पाहा तुमी. रांग असते चपला घालनाऱ्यायची.

योहान : सर्वांच्याच?

रुखमाबाई : आमच्या बाजूच्या सहाही गावातल्या.

योहान : म्हणजे माझी दोन वर्षे पेट्यांत आहेत.

रुखमाबाई : असं नका म्हनू.

योहान : मी जे सांगितले तेच त्यांनी केले. मी म्हणालो जपा, त्यांनी जपल्या. माझ्या देशात जपणे म्हणजे रोज घालणे, पुसणे, फाटले की शिवणे. इथे काय होते ते मी विचारलेच नाही. मला फार वाईट वाटते आहे, रुखमाबाई. आणि आता काय करावे, तेही मला कळत नाही.

रुखमाबाई : तुमीच डोकं धरून बससान तं आमी कोनाकडे पाहाचं? दोष माह्याबी हाय. मी रोज भांडत होती यायच्याशी. घाला म्हटलं, पायापरीस चप्पल मोठी हाय का. एका दिवशी हे वावरात गेलते, तं मी ते जोडी हातात घेतली. येवढी मऊ, माह्या लेकराचा गाल असा नोता कधी. मलेबी वाटलं, राहू दे. तईपासून भांडनं सोडलं. पट्टी बदलतानी घाव दिसे, अन् मी गप राहो.

डोमाजी : तू कायले रडतं आता. तुह्या भांडल्यानं मी कोनती घातली असती.

रुखमाबाई : घातली असती. आनखी चार दिवस भांडली असती तं घातली असती तुमी.

डोमाजी : भाऊ, तुमाले आनखी राह्यता येत नाई का? सहा महिने?

योहान : मी मागितले होते. ज्या मंडळींनी मला पाठविले त्यांचे परवा उत्तर आले. नाही म्हणाले. बारा दिवसांनी मुंबईहून बोट आहे. माझ्या जागी कोणी येणार नाही.

डोमाजी : अन् रबर?

योहान : तीन जोड्यांपुरते उरले आहे.

डोमाजी : तीन.

योहान : डोमाजीबाबा, तुम्ही उद्या जीपमध्ये बसाल ना? नाही बसलात तर विष वर चढेल. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे.

डोमाजी : बसतो जी. न बसून कुठी जाऊ. मले वाटे, पायाले समजत नाई तं कापाचं भेव कायचं? पन सकाळपासून त्याच पायावर हात फिरवून राह्यलो. पाय माहाच हाय ना अजून.

रुखमाबाई : मी बसतो संगं.

योहान : मला एक मदत करा. सर्वांना सांगा की आजपासून चपला घाला. शेतात, घरात, विहिरीवर. झिजू द्या. मी सांगितले तर ते ‘हो जी’ म्हणतील आणि पुन्हा पेटीत ठेवतील.

डोमाजी : सांजच्याले सारे येतीन मले भेटाले. सांगतो. पट्टी सोडून पाय दाखवतो, पाहून समजन त्यायले. पन ते एक गोष्ट इचारतीन भाऊ. झिजल्यावर काय? मीबी तेच इचारलं असतं. काय सांगू?

योहान : सांगा की मला ठाऊक नाही.

डोमाजी : असं नाई सांगत मी. असं सांगतलं तं कोनी पेटी उघडनार नाई. मी सांगतो का भाऊ खोलीत बसला हाय, दुसऱ्या जोड्या करून राह्यला. तुमी जाईस्तोवर तं ते खरंच हाय ना जी.