भट्टीच्या कडेचा कापूस

सन्माननीय अध्यक्ष अण्णाजी, हेडमास्तर महादेवराव, आज ज्यांच्या गळ्यात हार शोभतो आहे ते रूपराव, आणि देवळीकर बंधुभगिनींनो,

मला बोलायला उभं केलं, कारण मी, तानबा, रूपरावचा वर्गसोबती. सातवीपर्यंतच. पुढे तो नागपूरच्या कॉलेजात गेला आणि मी टुरिंग टॉकीजच्या गाडीवर वडनेरला. तिथं एक गंमत झाली होती... असू द्या, अध्यक्ष घड्याळ बघताहेत.

रूपराव विलायतेला निघाला आहे, सूर्याची आग जमिनीवर पेटवायला. कोट्यवधी अंश तापलेला वायू, प्लाझ्मा म्हणतात त्याला. कुठल्या भांड्यात मावत नाही, म्हणून चुंबकाच्या कुंपणात कोंडायचा. पण कडेला तो खवळतो, भोवरे उठतात आणि ऊब बाहेर पळते. मघाशी त्यानं हे सांगितलं, तुम्ही टाळ्या दिल्या. वीटभट्टीचा दाखला आला तेव्हा तर जास्तच.

ती भट्टी किसनरावांची, सज्जनहो. तिथे मी कामाला होतो. कडेच्या विटा दर खेपेला कच्च्या का निघतात, हे बघायला मी रूपरावच्या आईच्या, आनंदाबाईंच्या, पेळूतला कापूस तोडून भट्टीच्या कडेला सोडला. माउली एवढंच म्हणाली, "सूत कातावं त्यानं, तर आगीले कापूस चारून राह्यला." कापूस गरगरत लांब गेला. ऊब कोणत्या वाटेनं जाते ते दिसलं. रूपराव सुट्टीत आला होता, त्यानं वहीत उतरवून घेतलं. शिष्यवृत्ती देणाऱ्या साहेबांना तेच आवडलं म्हणे. आणि माझं नाव? वहीत मावलं नसेल.

मला हेवा वाटतो. मघाशी हार घालतानाही वाटला.

परवा तो घरी आला. विचारलं, "तानबा, भट्टीवर अजून काही दिसलं का रे?" मी म्हणालो, "नाई."

खोटं बोललो. पौषात एक दिवस वारा भट्टीच्या भिंतीला लागून वाहत होता. भिंतीशी हळू, जरा बाहेर जोरात. भोवरे उठत, पण वाढायच्या आत ताणून फाटत. कापूस बाहेर गेलाच नाही, भिंतीच्या कडेकडेनं सरकला. त्या अंगाच्या कडेच्या विटा लालबुंद निघाल्या. तेव्हापासून ही गोष्ट पोटात ठेवली. तुले नेऊ देणार नव्हतो, रूपराव.

पण मघाशी तूच सांगितलंस, मोठमोठ्या देशांनी या आगीची गुपितं लपवली आणि गेल्या साली जिनिव्हाच्या परिषदेत उघडी केली. मग तानबानं काऊन धरून बसावं? मी तर उद्या कुठं असेन, मलाच ठाऊक नाही. तुझ्या कुंपणाच्या कडेला असा वारा खेळवता येतो का, पाहजो. आणि कोणी विचारलं, हे कोणाले दिसलं, तर सांगजो.

वही काढ. लिहून होईपर्यंत मी थांबतो. अध्यक्षमहाराज, दोन मिनिटं.

दाखव. हं... माझं नाव सगळ्यात वर घातलंस.

मंडळी, ऐकून घेतलंत, उपकार झाले. मंगल प्रसंगी पोटातलं ओठावर आलं, तेवढं पदरात घ्या. रूपराव, जपून जाजो.